रेफर तर केले, गुण आला का?

आमच्या जमातीच्या बैतुलमालकडे मदतीसाठी जे अर्ज येतात, त्यांत दवाखान्याचे अर्ज सर्वात जास्त असतात. शाळेची फी, विधवांचे रेशन, घरभाडे यांचे अर्ज त्यानंतर. दवाखान्याच्या जवळपास प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेले असते: ‘डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितले आहे.’ पुढे म्हणजे साताऱ्याहून कराडला किंवा पुण्याला, विट्याहून मिरजेला, मिरजेहून मुंबईला. मग चौकशी सुरू होते. किती लागतील? रेशन कार्ड पिवळे की केशरी? योजनेत बसते का? सोबत कोण जाणार? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात, पैसे जमतात, गाडी निघते.

एक प्रश्न मात्र कुठल्याच कागदावर नसतो. पुढे नेल्याने रुग्णाला नेमका कोणता फायदा होणार आहे? आणि सहा महिन्यांनी, तो फायदा झाला का?

नोकरीची बरीच वर्षे मी सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यात काढली आणि निवृत्तीनंतर जमातीच्या वैद्यकीय मदत समितीत काम करतो. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. किती रुग्ण पुढे पाठवले, किती खर्च झाला, किती मंजुऱ्या मिळाल्या याचा हिशेब ठेवला जातो. पाठवल्याने काय साधले याचा हिशेब ठेवला जात नाही. तो ठेवला गेला पाहिजे, तो ठेवता येतो, आणि त्याची सुरुवात आपल्या मोहल्ल्यातून करता येईल, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

जिथे फायदा नक्की माहीत आहे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. पुढे पाठवणे वाईट असे मला अजिबात म्हणायचे नाही. काही आजारांत तज्ज्ञाकडे जाण्याचा फायदा जगभर तपासून सिद्ध झालेला आहे.

मधुमेहाचे उदाहरण घ्या. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर जी खराबी होते ती सुरुवातीला रुग्णाला कळत नाही. वाचता येते, गाडी चालवता येते, सगळे नीट दिसते. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले की खराबी वाढलेल्या डोळ्यांवर वेळेत लेसर केले तर दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा असे सांगितले जाते. इथे शंभर जणांना पाठवले आणि बहुतेकांच्या डोळ्यांत काही निघाले नाही, तरी ते पाठवणे वाया गेलेले नसते. ज्या थोड्यांच्या डोळ्यांत निघते त्यांची दृष्टी वाचते, आणि बाकीच्यांना वर्षभराची खात्री मिळते. ‘काही निघाले नाही’ हे सुद्धा उत्तर आहे; प्रश्न योग्य विचारलेला असला म्हणजे झाले.

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अडलेले बाळंतपण ही दुसरी उदाहरणे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. माण तालुक्यातील म्हसवडच्या किंवा जत तालुक्यातील उमदीच्या माणसासाठी हे साडेचार तास म्हणजे काय, हे नकाशा पाहिला तरी कळते. उमदी सांगली जिल्ह्यात, पण तिथून मिरज शंभर किलोमीटरहून जास्त आणि कर्नाटकातले विजापूर जवळ. अशा वेळी ‘कुठे पाठवले’ याच्याइतकेच ‘किती वाजता पाठवले’ हेही चिठ्ठीवर असायला हवे.

काही वेळा आधी हातातला उपचार करून मग पाठवण्यातच फायदा असतो. सर्पदंशाचे तसेच आहे. शिराळा तालुक्याचे नाव नागपंचमीमुळे सगळीकडे माहीत आहे. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप दोन्ही जिल्ह्यांच्या शेतांत आहेत. विषबाधेची लक्षणे दिसताच सापाच्या लसीचा पहिला डोस, म्हणजे दहा कुप्या, जवळच्या सरकारी दवाखान्यातच द्यावा आणि मग गरज असेल तर पुढे पाठवावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. लस न देता नुसती चिठ्ठी देऊन रुग्णाला १०८ मध्ये बसवले, तर नोंदवहीत ‘रेफर’ असे लिहिले जाते आणि काम झाल्यासारखे वाटते. रुग्णाच्या शरीरात मात्र विष वाढत असते. नुसती रेफरची संख्या मोजली तर हे दोन्ही रुग्ण, लस घेऊन गेलेला आणि न घेता गेलेला, सारखेच दिसतात.

महाडच्या एका डॉक्टरच्या दोन गोष्टी

साताऱ्याचा घाट उतरला की पलीकडे महाड. तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर अनेक वाचकांना माहीत असतील; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाठवणे आणि न पाठवणे यांचा विचार करताना त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट विंचवाची. कोकणातला लाल विंचू चावला की माणसे, विशेषतः लहान मुले, हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना डॉ. बावस्करांनी या रुग्णांजवळ बसून बारीक नोंदी ठेवल्या. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध या रुग्णांना देता येते हे त्यांनी दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ज्या रुग्णाला मोठ्या शहरात नेण्याची धडपड वाटेतच संपायची, तो खेड्यातल्या दवाखान्यात गोळीवर बरा होऊ लागला. एका डॉक्टरने रुग्णाचे पुढे काय झाले हे लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झाले.

दुसरी गोष्ट धनादेशाची. २०१३ च्या सुमारास डॉ. बावस्करांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले आणि तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात घातला नाही, वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणे-घेणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार निषिद्ध आहे. तरी ही ‘कट प्रॅक्टिस’ किती पसरलेली आहे हे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या पुस्तकातून बाहेर आले. ते सांगणारे स्वतः डॉक्टरच होते. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. हरकती-सूचना मागवल्या गेल्या. कायदा झाला नाही.

दोन्ही गोष्टींचा धागा एकच आहे. रुग्णाचे काय झाले हे जिथे लिहिले जाते तिथे उपचार सुधारतो. ते लिहिले जात नाही तिथे रुग्ण पाठवण्याची किंमत दुसराच कोणीतरी ठरवतो.

फक्त कट हेच कारण नाही

आपल्याकडे चर्चा बहुधा इथेच थांबते. ‘सगळे डॉक्टर कमिशनसाठी पाठवतात’ असे म्हटले की बोलणाऱ्याचे समाधान होते. पण हे खरे नाही आणि याने रुग्णाचे भले होत नाही. प्रामाणिक डॉक्टरही विनाकारण पाठवू शकतात, कारण कोणाला पाठवायचे याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो.

न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांचे टॉन्सिल काढावेत असे सांगितले. ज्या २१५ मुलांना ‘गरज नाही’ म्हटले होते, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. उरलेली ११६ मुले तिसऱ्यांदा तपासली, तेव्हाही जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. यात कोणाला कमिशन मिळत नव्हते. समोर आलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना गरज असतेच, अशी डॉक्टरांच्या मनाची सवय झाली होती. मोजदाद केली म्हणूनच ती सवय उघडी पडली.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाच्या कंबरदुखीलाही हे लागू पडते. त्याची कंबर दुखते, एमआरआय होतो, ‘गादी सरकली’ असा अहवाल येतो, मणक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळते. पण ज्यांची कंबर कधीच दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय तपासणाऱ्या अनेक अभ्यासांची बेरीज २०१५ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीतल्या अशा धडधाकट लोकांपैकी साधारण ६० टक्क्यांच्या मणक्यातली गादी फुगलेली होती. म्हणजे अहवालात दिसलेली गोष्ट आणि दुखण्याचे कारण एकच असेल असे नाही. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा वजन घटणे सोबत असेल, तर लगेच पाठवलेच पाहिजे. तसे काही नसेल तर बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत हालचाल आणि साध्या गोळ्यांनी बरी होते. मग ज्या हमालाने महिनाभर मजुरी बुडवून तीन तज्ज्ञ पाहिले, त्याला गुण तज्ज्ञांमुळे आला की नुसत्या दिवसांमुळे?

आपल्या राज्यातले सर्वात कडू उदाहरण बीडचे. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. दर हिवाळ्यात बीड भागातल्या टोळ्या आपल्या सातारा-सांगलीच्या फडांत कोयता घेऊन येतात, कारखान्याशेजारच्या पालांत राहतात, त्यामुळे ही गोष्ट दूरची नाही. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला सोनोग्राफी आणि मग थेट ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

यात एक धडा आहे. इथे दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याचा उपयोग शस्त्रक्रिया टाळण्यासाठी आहे. चांगला तज्ज्ञ अनेकदा ‘याची गरज नाही’ असे सांगतो, आणि तो त्याचा सर्वात मोठा उपचार असतो. पैशांच्या हिशेबात त्याला जागा नाही, कारण न झालेल्या शस्त्रक्रियेचे बिल नसते.

जे पाठवलेच गेले नाहीत

आता हिशेबाची दुसरी बाजू. विनाकारण पाठवलेले रुग्ण दिसतात, कारण त्यांचे कागद असतात. ज्यांना पाठवायला हवे होते आणि पाठवले नाही, किंवा पाठवले तरी जे गेले नाहीत, त्यांचा कागदच नसतो. आणि आपल्या समाजात ही संख्या लहान नाही असे मला वाटते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली तीन उशिरांची मांडणी केली. दवाखान्यात जायचे हे ठरवायला झालेला उशीर, तिथे पोहोचायला झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. दुसऱ्या उशिरासाठी सरकारने काही केले आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी मोफत वाहन मिळण्याची तरतूद आहे. २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. तिसरा उशीर हा रुग्णालयांचा प्रश्न. पहिला उशीर मात्र आपल्या घरातला आहे.

छातीत गाठ लागलेली बाई तीन महिने कोणाला सांगत नाही. सांगते तेव्हा सासूला सांगते. नवरा मुंबईला ड्रायव्हर किंवा आखातात. त्याच्या फोनची वाट पाहिली जाते. आशाताईने चिठ्ठी दिलेली असते, पण ‘तिथे बाई डॉक्टर आहे का?’ हा प्रश्न सुटलेला नसतो. सोबत जायला घरातला पुरुष हवा आणि त्याचा त्या दिवसाचा बागवानीचा किंवा गवंडीकामाचा रोज बुडतो. घरात दख्खनी बोलणाऱ्या आजीला केसपेपरवरचे इंग्रजी आणि खिडकीवरची घाई दोन्ही कळत नाहीत. कधी गंड्या-ताविजात महिना जातो. यातल्या बऱ्याच अडचणी गरीब हिंदू घरांतही याच आहेत. पण आपण आपल्या घराचा हिशेब आधी मांडावा.

अशा बाईच्या बाबतीत ‘पाठवण्याचे प्रमाण कमी करा’ असा हुकूम निघाला तर तो घातक ठरेल. पाठवलेल्यांची संख्या कमी झाली म्हणजे काम सुधारले असे नाही, आणि वाढली म्हणजे सेवा वाढली असेही नाही. योग्य माणूस योग्य वेळी गेला का, आणि गेल्याने त्याचे बरे झाले का, हे दोनच प्रश्न खरे आहेत.

मोजायचे कसे?

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक चिठ्ठीला पाच प्रश्न विचारावे लागतील.

पहिला, कशासाठी पाठवले? ‘पुढील उपचारासाठी’ हे कारण नव्हे. ‘छातीत गाठ, कर्करोग आहे का हे तपासावे’ हे कारण आहे.

दुसरा, रुग्ण पोहोचला का आणि किती दिवसांनी? न पोहोचलेल्यांची कारणे वेगळी लिहावीत. भाडे, मजुरी, सोबत, भीती, जे असेल ते.

तिसरा, तिथे गेल्यावर नवे काय घडले? निदान बदलले का, औषध बदलले का, शस्त्रक्रिया ठरली किंवा टळली का? काहीच बदलले नसेल तर तेही लिहावे.

चौथा, तीन महिन्यांनी रुग्ण कसा आहे? अहवालातली साखर किती हे ठीकच, पण कामावर परतला का, जिना चढतो का, बाईला स्वतःची कामे स्वतः करता येतात का, हे विचारावे.

पाचवा, एकूण खर्च किती? बिल सोडून गाडीभाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, काढलेले कर्ज, मोडलेला दागिना.

हे सर्व जमवण्यासाठी एक गोष्ट सर्वात गरजेची आहे, ती म्हणजे परतीची चिठ्ठी. खालच्या डॉक्टरने प्रश्न विचारून रुग्ण वर पाठवला, तर वरच्या डॉक्टरने उत्तर खाली पाठवले पाहिजे. काय निघाले, काय केले, आता गावात कोणती काळजी घ्यायची. असे उत्तर न आल्याने दोन तोटे होतात. रुग्ण घरी येतो तेव्हा गावच्या डॉक्टरला काही माहीत नसते, म्हणून साध्या ताप-खोकल्यालाही तो पुन्हा शंभर किलोमीटर जातो. आणि गावच्या डॉक्टरला आपला अंदाज बरोबर होता की चूक हे कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या वेळीही तो तसाच पाठवतो.

मोजताना काही पथ्ये पाळावी लागतील. मोठ्या रुग्णालयात मृत्यू जास्त होतात, कारण तिथे जास्त आजारी माणसे जातात. म्हणून मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिलमधले मृत्यू एखाद्या लहान नर्सिंग होमशी सरळ ताडून पाहणे अन्यायाचे होईल. सारख्या आजाराचे, सारख्या अवस्थेतले रुग्ण एकमेकांशी ताडावेत. पाच-दहा रुग्णांवरून कोणाला चांगले-वाईट ठरवू नये. आपोआप बरे होणाऱ्या आजारांत श्रेय वाटताना हात आखडता घ्यावा. आणि या आकड्यांवरून डॉक्टरांना शिक्षा करायला सुरुवात केली तर डॉक्टर नोंदी करणेच बंद करतील, किंवा गंभीर रुग्ण हातात घेणार नाहीत. ही मोजदाद शिकण्यासाठी हवी.

कोणी करायचे?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर आली. आता तिचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती तरी माणसांचे हृदय, मूत्रपिंड, मेंदू या योजनेमुळे वाचले, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण योजनेचे यश आपल्याला ऐकवले जाते ते दाव्यांच्या आणि कोटींच्या भाषेत. प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रुग्ण घरी गेल्यावर तीन महिन्यांनी त्याला एक फोन करून चार प्रश्न विचारण्याचे काम आरोग्यमित्राला देता येईल. उत्तरांचे जिल्हावार आकडे, कोणाचेही नाव न घेता, लोकांसमोर ठेवावेत.

आपल्या दोन जिल्ह्यांना हे शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले तेव्हापासून मिरज हे पाठवलेल्या रुग्णांचे गाव आहे. कर्नाटकातून रेल्वेने माणसे येत, अजून येतात. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा आहे, सांगलीला भारती आहे, आणि अलीकडे साताऱ्यालाही शासकीय महाविद्यालय झाले. या प्रत्येक महाविद्यालयात जनऔषधशास्त्राचा विभाग असतो आणि त्याचे विद्यार्थी गावोगावी सर्वेक्षणाला जातात. जत, आटपाडी, माण, पाटण अशा चार तालुक्यांतल्या पाठवलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणे हा त्यांच्यासाठी उत्तम विषय आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तो त्यांच्याकडे मागावा.

आणि आपण? जकातीचा पैसा हा अमानत आहे. तो शाळेवर खर्च केला तर मुलगा पास झाला का हे आपण विचारतो. मग दवाखान्यावर खर्च केला तर माणूस बरा झाला का हे विचारणे हा आपला हक्क आहे आणि जबाबदारीही. म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या जमातींना, ट्रस्टना आणि महिला बचत गटांना माझ्या चार सूचना आहेत.

मदतीच्या अर्जात वरच्या पाच प्रश्नांचे पाच रकाने घालावेत. उत्तर नाही म्हणून मदत अडवू नये. जीव धोक्यात असेल तर आधी गाडी, मग कागद. पण नंतर ते भरून घ्यावेत.

तातडी नसलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला सांगावे आणि त्या तपासणीचा खर्च बैतुलमालने द्यावा. शस्त्रक्रियेच्या मानाने तो किरकोळ असतो.

प्रत्येक मोहल्ल्यात दोन शिकलेल्या मुली आणि दोन मुले ‘सोबती’ म्हणून तयार करावीत. ती रुग्णासोबत जातील, डॉक्टरसाहेबांना प्रश्न विचारतील, उत्तर घरच्यांना घरच्या भाषेत सांगतील आणि परतीची चिठ्ठी मागून आणतील. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागदपत्रे देणे २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांना बंधनकारक आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयात रुग्ण हक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. ही दोन वाक्ये सोबत्यांना पाठ असावीत.

आणि रुग्णांची माहिती कुलुपात राहावी. कोणाच्या बायकोला कोणता आजार झाला हे जुम्म्यानंतरच्या गप्पांत आले, तर पुढच्या वेळी ती बाई अर्जच करणार नाही. वर्षाअखेर फक्त आकडे सांगावेत: इतके पाठवले, इतके पोहोचले, इतक्यांचा उपचार बदलला, इतके कामावर परतले, इतका खर्च.

या आकड्यांतून पहिल्या वर्षी फारसे काही सिद्ध होणार नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र काही गोष्टी दिसू लागतील. कोणत्या आजारात आपली माणसे उशिरा पोहोचतात, कुठल्या तपासण्यांवर पैसा जातो आणि हाती काही लागत नाही, कुठल्या तालुक्यातून गाडीच मिळत नाही. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना आपल्या हातात निवेदनासोबत पुरावा असेल, आणि तो केवळ मुस्लिम मोहल्ल्याच्या नाही तर दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक गरीब रुग्णाच्या उपयोगाचा असेल.

येत्या रमजानआधी बहुतेक जमातींच्या बैठका होतात. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय ठेवावा, एवढी विनंती.